प्रिव्ह्यू चौकट आणि मुख्य चित्र यांत फरक का दिसतो?

प्रश्न: फोटोशॉपमध्ये अनशार्प मास्क (कडा ठळक करणारा फिल्टर) वापरताना छोट्या प्रिव्ह्यू चौकटीत कडा फारच तीव्र दिसतात, परंतु मुख्य चित्रात बदल जवळजवळ जाणवत नाही. यांपैकी कशावर विश्वास ठेवावा? चौकटीत चित्राचा हवा तो भाग कसा आणावा?

पहिले उत्तर: आपण मुख्य चित्र बहुधा लहान करून पाहत असावात. ५० टक्क्यांवर मूळ चित्रातील ४ पिक्सेलांची जागा पडद्यावरचा १ पिक्सेल घेतो, त्यामुळे कडांवरचा एक-दोन पिक्सेलांचा बदल त्यात विरून जातो. चौकटीखालील अधिक-उणे चिन्हांनी प्रमाण १०० टक्के ठेवून तिच्यावरच विसंबावे. हवा तो भाग आणण्यासाठी चौकटीतील चित्र धरून ओढावे किंवा, जे मला अधिक सोयीचे वाटते, मुख्य चित्रावर त्या ठिकाणी क्लिक करावे.

दुसरे उत्तर: चौकटीवर माउसचे बटण दाबून धरल्यास मूळ चित्र दिसते आणि सोडताच बदललेले. ‘प्रिव्ह्यू’समोरची खूण मात्र मुख्य चित्रातील बदल दाखवण्या-लपवण्यासाठी असते, या दोहोंत गल्लत होणे अगदी स्वाभाविक आहे. गिंप या मोफत चित्र-संपादन प्रोग्राममध्ये अनेक फिल्टरांना ‘स्प्लिट व्ह्यू’ची सोय असल्याने मूळ आणि बदललेले चित्र शेजारी-शेजारी ताडून पाहता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. माझे चित्र २५ टक्क्यांवर होते. १०० टक्क्यांवर कडांभोवती पांढरट वलये स्पष्ट दिसली, म्हणून रेडियस (कडेभोवती परिणाम किती पिक्सेलांपर्यंत पसरावा ते ठरवणारा आकडा) कमी केला.