देणगी द्या, पण पाटी आवरा

निवृत्त_परीक्षक: परवा इथं एकानं लिहिलं, "इन्फोसिसच्या नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. प्रत्येक कॉलेजनं आपले माजी विद्यार्थी गाठावेत, सरकारपुढं हात पसरणं बंद करावं." वाचून डोकंच फिरलं. अहो, आमच्या तालुक्यातल्या बी.ए.ची पोरं पोलीस भरतीला पळतायत! एखादा झेडपीत चिकटला की गावभर पेढे. त्यांच्याकडं कोटी मागू? आणि मोठा देणगीदार इमारत बांधून देतो, लॅब देतो. सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबानं, मराठी शिकवणाऱ्याचं मानधन कोण देतो? ते दिसत नाही ना फोटोत!

टेक्नो_तात्या: ते मीच लिहिलं होतं. काका, जरा इतिहास बघा. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं ते काय अनुदानावर? १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले. कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ उजाडलं. तोवर बायकांनी पदवीसाठी थांबायचं होतं का?

पुणेरी_पंखा: ठाकरसींनी दिले, आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, हेही लिहा की.

टेक्नो_तात्या: मग बिघडलं काय? मुंबईचे गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांनी तर १२०० रुपयांत कॉलेजला नाव लावून घेतलं.

पुणेरी_पंखा: तेच म्हणतोय! आमच्या कॉलेजात पंख्याच्या पात्यापात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. फिरताना नाव वाचता येत नाही, म्हणून देणगीदार आले की पंखे बंद. भर मे महिन्यात! घाम पुसत टाळ्या वाजवल्यात आम्ही.

खडूस_कऱ्हाडकर: नावं ठेवायला अक्कल लागत नाही. पंखा मिळाला ना? आमच्या वर्गाला नुसतेच हूक होते.

रयतेचा_पोर: कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा केलं. वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्या मुठीवर कुणाची पाटी होती?

टेक्नो_तात्या: झालं! कुठलाही धागा असो, तुम्ही मंगळसूत्रावर आणणार. ती पण देणगीच ना? खासगीच ना? मग माझाच मुद्दा सिद्ध झाला.

रयतेचा_पोर: तोंड सांभाळून. सर्वस्व देणं आणि उरलेलं देणं यातला फरक तुम्हाला एक्सेल शीटमध्ये नाही कळायचा.

बीकॉम_ताई: भांडा खुशाल, पण घेणाऱ्यालाही विचारा. तिसऱ्या वर्षाला मला ५ हजारांची शिष्यवृत्ती मिळाली. स्टेजवर दरवाज्याएवढा पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो. निवेदकानं माइकवर वडिलांचं दारूचं व्यसनसुद्धा सांगून टाकलं. समोर अख्खा वर्ग. खरा चेक आला निकालानंतर. परीक्षा फी आईनं कानातलं गहाण टाकून कधीच भरली होती. तरी सांगते, ते ५ हजार नकोच होते असं म्हणणार नाही. त्यातूनच कानातलं सोडवलं.

टेक्नो_तात्या: ताई, हे वाईटच. बरं बाबा, आयआयटीचं गणित तालुक्याला लागू नाही, घ्या लिहून. पण काका, तुम्ही स्वतः किती दिलेत कॉलेजला? की नुसतेच धागे?

निवृत्त_परीक्षक: दरवर्षी पेन्शनीतून एका पोरीची फी भरतो. कॉलेजातसुद्धा कुणाला माहीत नाही.

पुणेरी_पंखा: आता झालं की माहीत! लागली तुमची पण पाटी, काका.