तळघरातील लोखंडी खांबांना लाकडी आवरण – तातडीने मदत हवी आहे

पार्लेकर_पूर्व:
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या तळघरातील सभागृहात चार गोल लोखंडी खांब असून त्यांना गणपतीपूर्वी लाकडी आवरण घालायचे आहे. गेल्या वर्षी आरतीच्या गर्दीत एका काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठभर गंजाचा पट्टा उमटला, आणि तेव्हापासून एकही बैठक या विषयाशिवाय संपलेली नाही. दोन सुतार येऊन गेले. पहिला म्हणतो की खांबाला भोके पाडून पट्ट्या स्क्रूने बसवू. दुसरा म्हणतो की भोके कशाला, लोखंडी पट्ट्या वेल्डिंगनेच जोडू. आवरण खांबावर पक्के कसे बसवायचे, एवढेच मला हवे आहे. कृपया नेमके सांगावे.

सुतारपक्षी:
नेमके उत्तर हवे असेल तर प्रश्नही नेमका हवा. खांबांचा घेर किती, उंची किती, पावसाळ्यात तळघरात ओल किंवा पाणी येते का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

गिरगावची_माई:
लाकूड हवेच कशाला? आमच्या चाळीच्या व्हरांड्यातील खांबाला आम्ही तळापासून छातीच्या उंचीपर्यंत काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली होती. ती दिसायला सुंदर होती, स्वस्त होती आणि मुले आपटली तरी त्यांना लागत नसे. फक्त मांजरांनी तिच्यावर नखे घासायला सुरुवात केली.

डब्ल्यूपीसी_भक्त:
मुंबईच्या तळघरात प्लायवूड लावणे म्हणजे वाळवीला पंगतीचे आमंत्रण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे पार्लेकरांना मी सांगायला नको. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या, फळ्या घ्या. त्या पाण्याने फुगत नाहीत आणि त्यांना वाळवी लागत नाही.

सुतारपक्षी:
डब्ल्यूपीसी कुजत नाही हे मान्य आहे, परंतु तिची लांब अरुंद पट्टी नीट आधार नसेल तर वाकते, आणि तिच्यात स्क्रूची पकड चांगल्या प्लायसारखी राहत नाही. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लाय, म्हणजे ओलीत टिकणारे प्लायवूड, घेतले आणि त्याच्या कापलेल्या कडा रंगाने बंद केल्या, तर ओलीची फारशी भीती उरत नाही. कडा उघड्या ठेवणारा सुतार मात्र कोणतेही प्लाय वाया घालवतो.

पार्लेकर_पूर्व:
शिंप्याच्या फितीने मोजले. घेर ३६ सेंटीमीटर आणि उंची आठ फूट दोन इंच आहे. पाणी येत नाही, फक्त जुलैमध्ये लादीला घाम सुटतो. आता तरी उत्तर मिळेल का?

निवृत्त_अभियंता:
इमारत कोणत्या वर्षाची आहे आणि हे खांब तिथे का उभे आहेत, हे कृपया आधी सांगावे. आरसीसीच्या इमारतीत तुळईखाली लोखंडी पाइप असेल, तर तो मूळ नकाशातला आहे की नंतर दिलेला आधार आहे, हे तपासल्याशिवाय त्याला झाकू नये. भार वाहणाऱ्या पाइपला भोक पाडले की तेवढ्या जागी धातू कमी होतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तेवढा भाग तात्पुरता मऊ पडतो. तेव्हा दोन्ही सुतारांना नम्रपणे नकार द्यावा.

फोर्टफिरस्ता:
खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असतील तर वेल्डिंगचा विचारही करू नये, कारण बीड उष्णतेने तडकते. काळा घोड्याजवळच्या जुन्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडहून जहाजाने आणलेल्या बिडाच्या भागांनी उभा केलेला आहे आणि त्या खांबांची घडण पाहण्यासारखी आहे. असे खांब असतील तर ते झाकणे हेच पाप आहे.

पार्लेकर_पूर्व:
इमारत १९८६ ची आहे, त्यामुळे बिडाचा प्रश्न येत नाही. मी आवरणाबद्दल विचारले होते. इमारतीबद्दल विचारले नव्हते.

निवृत्त_अभियंता:
राग मानू नये, परंतु तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार बंधनकारक आहे आणि आपल्या सोसायटीत ती झाली असेल तर तिचा अहवाल सचिवांच्याच कपाटात असायला हवा. तो सापडेपर्यंत बॅटरी घेऊन तळघरात जा आणि प्रत्येक खांबाचा पाया पाहा.

पार्लेकर_पूर्व:
पाहून आलो. दोन खांबांभोवती लादी गोल कापून बसवलेली आहे. उरलेले दोन मात्र लादीच्या वर उभे आहेत. त्यांच्या पायाशी चौकोनी प्लेट असून तिच्याखाली लोखंडी पाचरी ठोकलेल्या दिसतात, आणि एकीच्या कोपऱ्याखाली लादीला केसाएवढी चीर गेली आहे. कपाटात अहवाल मिळाला नाही. मात्र मागच्या समितीच्या काळातील ठेकेदाराच्या बिलावर ‘टेकू, २ नग’ असे लिहिलेले सापडले. मी अकरा वर्षे इथे राहतो आणि चारही खांब एकाच वेळचे आहेत असे समजत होतो.

निवृत्त_अभियंता:
याचा अर्थ लादी बसल्यानंतर कधीतरी वरच्या तुळईबद्दल कोणाला तरी शंका आली आणि तात्पुरता आधार दिला गेला. टेकू झाकला की पाचर सैल झाली, चीर वाढली किंवा तुळईचे प्लास्टर फुगले, तरी कोणाला कळणार नाही. नोंदणीकृत संरचना अभियंत्याला याच आठवड्यात बोलवा आणि तो सांगेपर्यंत त्या पाचरींना कोणी हात लावू नये. उरलेल्या दोन खांबांनाही त्याने होकार दिल्यावरच आवरण करा, आणि तेही स्क्रू काढून उघडता येईल असे असू द्या.

डब्ल्यूपीसी_भक्त:
उघडायचे असेल तर डब्ल्यूपीसीच उत्तम.

सुतारपक्षी:
दोनच खांब करायचे असतील तर हिशेब असा बसतो. ३६ चा घेर म्हणजे साडेअकरा सेंटीमीटर व्यास. भोके न पाडता खांबाभोवती तीन उंचींवर एक सेंटीमीटर जाडीचे लाकडी ठोकळे ठेवून ते होज क्लिपने, म्हणजे स्क्रूने आवळायच्या धातूच्या गोल पट्टीने, आवळायचे. पेटीची आतली रुंदी साडेतेरा होईल आणि बारा मिलिमीटरचे प्लाय धरल्यास बाहेरची १५.९ होईल. प्रत्येक खांबाला साडेतेराच्या दोन व १५.९ च्या दोन पट्ट्या लागतात, म्हणजे दोन खांबांच्या आठ पट्ट्यांची रुंदी ११७.६ सेंटीमीटर भरते. करवतीत जाणारे दोनेक सेंटीमीटर धरूनही आठ बाय चार फुटांच्या, म्हणजे सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद, एकाच शीटमध्ये काम भागते. ठोकळे दोन सेंटीमीटरचे घेतलेत तर दुसरे शीट आणावे लागेल.

उंचीला शीट दोन इंच कमी पडते, आणि तेच सोयीचे आहे. खाली दीड इंचाची ग्रॅनाइटची पट्टी फिरवा म्हणजे लाकूड घाम आलेल्या लादीला टेकणार नाही, आणि वर अर्धा इंच फट ठेवा म्हणजे हवा खेळेल व पेटीवर तुळईचा भार येणार नाही. तीन बाजू एकमेकींना पक्क्या जोडून खांबावर समोरून सरकवा आणि ठोकळ्यांवर फक्त स्क्रूने धरा. फेविकॉल ठोकळ्यांना लावू नका. चौथी बाजूही स्क्रूवरच राहू द्या. पेटी चढवण्यापूर्वी गंज घासून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात मारा आणि ते पूर्ण वाळू द्या. जुलैच्या हवेत घाई केलीत तर रंग आतल्या आत चिकट राहील.

वास्तुविशारदा_हौशी:
चौकोनी आवरणापेक्षा अष्टकोनी शुभ असते आणि ईशान्येच्या खांबाला पिवळा रंग द्यावा.

पार्लेकर_पूर्व:
दहा दिवसांनी लिहीत आहे. संरचना अभियंता येऊन गेले. टेकूंवरची तुळई पावसाळ्यानंतर दुरुस्त करावी लागेल आणि तोपर्यंत टेकू उघडे राहतील, असे त्यांनी लेखी दिले आहे. चीर पडलेल्या लादीवर दोन्ही बाजूंनी खुणेची रेघ मारून त्यांनी तारीख टाकली आहे. गोल कापलेल्या लादीतल्या दोन खांबांना त्यांनी परवानगी दिली, म्हणून रे रोडच्या लाकूडबाजारातून एक शीट आणले आणि पट्ट्या एका शीटमध्ये बसल्या. आरतीच्या वेळी टेकूंभोवती चार हात अंतरावर दोरी बांधून ठेवणार आहोत. माईंनी सुचवलेला काथ्याच त्यासाठी वापरला आहे.