प्रति: वरच्या दाढेसाठी हाड भरणं खरंच लागतं का?
दाताच्या इम्प्लांटआधी (जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात बसवतात ते) 'हाड भरणं म्हणजे नुसता बिल वाढवायचा धंदा' हे इथलं म्हणणं खालच्या जबड्याबद्दल एकवेळ मानेन, वरच्या दाढांबद्दल नाही. तिथे हाडाच्या लगेच वर सायनसची (नाकाला जोडलेली, हवेची) पोकळी असते. दाढ काढून वर्षं लोटली की हाड झिजतं, पोकळी खाली उतरते. आईच्या सीबीसीटीत (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) जेमतेम ३ मिमी हाड दिसलं. स्क्रू धरणार कशाला?

इथे कुणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे, भरायची पावडर बऱ्याचदा गाईच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली असते. आईला (कट्टर शाकाहारी!) हे ऐन खुर्चीत, सही करताना कळलं. मग कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम मागवली, त्यात ८ दिवस गेले. तेव्हा आधीच विचारा. आणि हो, हाड भरल्यानंतर दोनेक आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.