रिंगरचं नळाचं पाणी: 1883 च्या प्रयोगात नेमकं काय घडलं?

प्रयोगवही:
शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत रिंगर एका ओळीत उरकला जातो: सिडनी रिंगर (एकोणिसाव्या शतकातला इंग्रज डॉक्टर), बेडकाचं हृदय, नळाचं पाणी, कॅल्शियम. एमएस्सीची मुलं विचारतात ते त्याच्या पुढचं. त्या पाण्यात असं किती कॅल्शियम होतं की हृदय चालत राहावं? बेडकाचंच हृदय का उपयोगी पडलं? आणि प्राणी न वापरता यातलं काही वर्गात दाखवता येईल का? आकड्यांसकट कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

चुनखडी:
आधी प्रयोग बघू. रिंगर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेडकाचं निलय (हृदयाचा रक्त ढकलणारा कप्पा) दुतोंडी नळीला बांधून त्यातून मिठाचं पाणी फिरवत असे. मग रक्तातला एकेक घटक त्यात घालून आकुंचनावर काय परिणाम होतो ते नोंदवत असे. 1882 च्या निबंधात नुसत्या 0.75 टक्के मिठाच्या पाण्यावरही निलय चांगलं चाललेलं दिसतं. पुढे त्याला कळलं की ते द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेलंच नव्हतं, न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. 1883 चा निबंध याच कबुलीने सुरू होतो.

ही गोष्ट योगायोग म्हणून रंगवून सांगतात, पण खरं काम त्यानंतरचं आहे. त्याने डिस्टिल्ड वॉटरवर सगळं पुन्हा केलं. निलय अशक्त होत होत साधारण 20 मिनिटांत थांबलं. कॅल्शियमचा क्षार घातल्यावर ते पुन्हा आकुंचन पावू लागलं, पण नुसत्या कॅल्शियमवर प्रत्येक आकुंचन लांबत गेलं आणि निलय नीट सैल होईना. पोटॅशियम क्लोराइडचा अंश घातल्यावर ठोका मूळ आकाराला आला. पोटॅशियम जास्त झालं तर हृदय सैल अवस्थेत थांबतं, कॅल्शियम जास्त झालं तर आकुंचित अवस्थेत. म्हणून 'रिंगरने कॅल्शियम शोधलं' एवढ्यावर थांबू नये, त्याने या दोन आयनांचा तोल दाखवला.

आता आकडा. नळाच्या पाण्याचं जे पृथक्करण त्याने दिलंय त्यात कॅल्शियम दहा लाख भागांत 38.3 भाग आहे, म्हणजे लिटरला सुमारे 0.96 मिलिमोल. आज बेडकासाठी जे 'रिंगर' द्रावण (त्याच्याच नावाचं क्षारांचं पाणी) वापरतात त्यात ते साधारण 1.08 मिलिमोल असतं. म्हणजे नळातून जवळजवळ हवं तेवढंच येत होतं! कारण भूगोलात आहे. न्यू रिव्हर हा 1613 पासूनचा कालवा, हर्टफर्डशरच्या चॉकच्या, म्हणजे चुनखडकाच्या झऱ्यांवर सुरू झालेला. ग्लासगोला 1859 पासून लॉक कॅट्रिन सरोवराचं पाणी येत होतं आणि ते अतिशय मृदू, म्हणजे कॅल्शियम फारच कमी असलेलं. तिथे हाच प्रयोग झाला असता तर निलय पहिल्याच दिवशी थांबलं असतं.

पेशीपटल:
बेडकाच्या हृदयाबद्दल. ठोक्यासाठी लागणारं कॅल्शियम दोन ठिकाणांहून येऊ शकतं: पेशीबाहेरच्या द्रवातून, नाहीतर पेशीतल्या साठ्यातून (सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम). बेडकाच्या निलयाच्या पेशी बारीक असतात, त्यांना टी-नलिका (पटलाच्या पेशीत खोल शिरणाऱ्या नळ्या) नसतात आणि आतला साठा तुटपुंजा. बहुतेक कॅल्शियम बाहेरूनच आत येतं, त्यामुळे बाहेरचं काढलं की परिणाम लगेच दिसतो. बेडकाचाच पायाचा स्नायू घेतला तर तो कॅल्शियमविरहित द्रावणातही बराच वेळ आकुंचन पावतो, कारण तिथे पटलावरचा विद्युतबदल थेट आतला साठा उघडतो. पायाच्या स्नायूवर हा शोध असा हाती लागला नसता.

आजच्या जीवशास्त्रात याचा धागा फार लांब जातो. पेशीसंवर्धनात पेशी बशीवरून सोडवताना ट्रिप्सिनबरोबर (प्रथिनं तोडणारं विकर) ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) घालतात, कारण पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांना कॅल्शियम लागतं. त्याआधी धुण्याचं बफर कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलंच घ्यावं, नाहीतर ईडीटीए त्यातच खर्ची पडतं आणि पेशी सुटत नाहीत.

प्रयोगवही:
हे फार उपयोगी आहे, दोघांचेही आभार. द्रावणाची कृती आणि वर्गातल्या प्रात्यक्षिकाबद्दलही कोणी सांगाल का? बेडूक अर्थातच नाही.

ब्युरेट:
बेडकाचं रिंगर, 1 लिटरसाठी: सोडियम क्लोराइड 6.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 0.14 ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट 0.2 ग्रॅम, निर्जल कॅल्शियम क्लोराइड 0.12 ग्रॅम. बाटलीवर 'डायहायड्रेट' लिहिलं असेल तर 0.16 ग्रॅम घ्या. निर्जल क्षार हवेतलं पाणी शोषतो आणि वजन फसवं येतं, त्यामुळे डायहायड्रेटच बरा.

आधीचे तीन क्षार सुमारे 900 मिलीमध्ये पूर्ण विरघळवा. कॅल्शियम वेगळ्या 50 मिलीमध्ये विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत, थेंबाथेंबाने सोडा आणि मग 1 लिटर करा. घट्ट बायकार्बोनेटमध्ये कॅल्शियम एकदम ओतलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका येतो. तसं द्रावण टाकून द्यावं. साका गाळून वापरलं तर त्यात कॅल्शियम किती उरलं ते कळत नाही. तयार द्रावण ऑटोक्लेव्हही करू नका, बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून सामू (pH) चढतो आणि तोच साका पुन्हा येतो.

प्रात्यक्षिकासाठी माझा आग्रह पाण्याच्या अनुमापनाचा (टायट्रेशन). नमुना 50 मिली, 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड 2 मिली, चिमूटभर म्युरेक्साइड (रंग बदलणारा दर्शक), आणि ब्युरेटमध्ये 0.01 मोलर ईडीटीए. गुलाबी रंग जांभळा झाला की थांबा. जितके मिली लागले त्याला 8 ने गुणलं की लिटरमधलं कॅल्शियम मिलिग्रॅममध्ये मिळतं. रिंगरच्या नळाला सुमारे 4.8 मिली लागले असते. अल्कली घातल्यावर पाच मिनिटांच्या आत अनुमापन संपवा, उशीर केला तर कॅल्शियम खाली बसतं आणि आकडा कमी येतो. डिस्टिल्ड वॉटर, पालिकेचं पाणी आणि एखाद्या बोअरचं पाणी शेजारी शेजारी ठेवा. मुंबईचं तलावाचं पाणी मृदू असतं, बोअरचं बहुधा जड. कुठल्या नळावर निलय चाललं असतं ते मुलं स्वतःच सांगतील.

पेशीपटल:
एक भर. दवाखान्यातली आरएलची (रिंगर लॅक्टेट, शिरेतून देतात ते सलाइन) बाटली याच घराण्यातली. 1930 च्या दशकात अलेक्सिस हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने रिंगरच्या द्रावणात लॅक्टेट घातलं. तिच्यात लिटरला सुमारे 2 मिलिमोल कॅल्शियम असतं. म्हणून रक्त चढवताना त्याच नळीतून आरएल देत नाहीत: पिशवीतल्या सायट्रेटने कॅल्शियम बांधून रक्त पातळ ठेवलेलं असतं, बाहेरून कॅल्शियम मिळालं तर नळीत गुठळी होऊ शकते.