रोड बाइकला ट्यूबलेस टायर बसवावेत का? अनुभवी सायकलस्वारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या रोड बाइकला सध्या ७०० बाय २८ चे (म्हणजे २८ मिमी रुंदीचे) ट्यूबचे टायर आहेत आणि पुण्याहून सासवड-जेजुरीकडे जाताना बाभळीच्या काट्यांनी ते वारंवार पंक्चर होतात. रिम ट्यूबलेसला चालणारी, हुकची (टायरची कड धरून ठेवणारा आकडा असलेली) आहे, त्यामुळे असा आकडा नसलेल्या हुकलेस रिमवर पाळावी लागणारी ७२.५ पीएसआय हवेच्या दाबाची मर्यादा मला लागू नाही.

ट्यूबलेस टायरच्या आत भरलेल्या सीलंटमुळे (छिद्र बुजवणाऱ्या द्रवामुळे) बारीक छिद्र जागच्या जागी बुजते, आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून होणारे पंक्चर उरतच नसल्याने दाब थोडा कमी ठेवून खडबडीत रस्त्यावरही आरामात सायकल चालवता येते, हे फायदे मला मनापासून पटतात. काळजी वाटते ती देखभालीची. लॅटेक्सचे सीलंट उष्णतेत लवकर सुकते. मग आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते साधारण किती आठवड्यांनी पुन्हा भरावे लागते?

त्याहून मोठी शंका अशी की, काचेने टायर चिरला, प्लग (छिद्रात खुपसायची पट्टी) लावूनही हवा टिकेना, तर शेवटी आत ट्यूबच घालावी लागते. अशा वेळी रिमला घट्ट बसलेला टायर, सीलंटने बरबटलेल्या हातांनी, रस्त्याच्या कडेला एकट्याने उतरवणे खरोखर जमते का? माझ्या मते सगळा निर्णय यावरच अवलंबून आहे, कारण त्या रस्त्याला रोड बाइकची दुरुस्ती जाणणारा कारागीर सहसा भेटत नाही.

तसेच, नवा टायर घरच्या फ्लोअर पंपाने रिमवर नीट बसतो, की कॉम्प्रेसर लागतोच? २८ मिमीचे ट्यूबलेस टायर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावे.