मॉनिटर घोरपडीला यूव्हीबी नको म्हणणाऱ्यांसाठी

मेघना (ह्यूस्टन): काल या गटात कुणीतरी लिहिलं, "मॉनिटर अख्खा उंदीर गिळतो, डी३ त्यातून मिळतं. यूव्हीबीची ट्यूब म्हणजे दुकानदाराची कमाई." वाचल्यापासून डोकं तापलंय. यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण, त्यांनी कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं. माझा पहिला सवाना (आफ्रिकेतला मॉनिटर) दोन वर्षं खिडकीशी होता. अंगावर ऊन पडतंय, आणखी काय हवं, असं वाटायचं. काच यूव्हीबी अडवते हे डॉक्टरांकडून कळलं, तोवर हाडं मऊ पडून त्याचा खालचा जबडा बोटाने दाबला तरी वाकत होता. मागचे पाय फरफटत चालायचा. वाचला नाही. आता दुसऱ्यावर यूव्हीबीची टी५ ट्यूब आहे आणि ती वर्षाला बदलते, कारण उजेड तसाच दिसतो पण यूव्हीबी घटलेलं असतं.

सुधीर (फीनिक्स, ॲरिझोना): ती पोस्ट माझीच. बारा वर्षं ॲकी (ऑस्ट्रेलियातले छोटे मॉनिटर) पाळतोय, तीन पिढ्या घरात अंड्यांतून निघाल्या, ट्यूब एकही नाही. बास्किंगला, म्हणजे दिव्याखाली शेकायच्या जागी, ६० अंश सेल्सियस, खाली फूटभर माती, झुरळांवर कॅल्शियम-डी३ची पूड. तुम्ही त्याला खायला काय घालत होतात ते लिहिलंच नाहीत.

मेघना: कोंबडीचा खिमा. दुकानातल्या माणसाने सांगितलं, मी ऐकलं. आहार चुकला, कबूल. पण कोमोडो ड्रॅगन, तेही मॉनिटरच, अख्खं जनावर खातात ना? तरी यूव्हीबीशिवाय ठेवलेल्यांच्या रक्तात डी जीवनसत्त्व कमी निघालं आणि यूव्हीबी दिल्यावर वाढलं. २००० सालीच छापून आलंय.

अनिकेत (सातारा): तुमचे दिवे राहू द्या. घोरपड पाळायचीच कशाला? आपल्याकडच्या चारही जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मी साप-घोरपडी सोडवतो. गेल्या पावसाळ्यात एक मिळाली, पाय पाठीवर वळवून तिच्याच बोटांच्या शिरांनी बांधलेले. सांधेदुखीच्या तेलासाठी. "हत्था जोडी" नावाची मुळी देव्हाऱ्यात ठेवतात, ती मुळी नसते, नर घोरपडीचं लिंग असतं.

सुधीर: सवाना आणि ॲकी भारतातले नाहीत. इथे अमेरिकेत कायदेशीर आहेत.

अनिकेत: सवाना घाना, टोगो, बेनिनमधून येतात ना? गाभण माद्या खणून काढून? कायदेशीर म्हणून बरोबर?

सुधीर: माझे ॲकी घरात जन्मलेत! सवानाचं मला विचारू नका.

शुभदा (चिपळूण): अनिकेतदादा, माझ्या आजोबांच्या गुडघ्याला तेच तेल चोळायचे. गुडघा शेवटपर्यंत तसाच राहिला. आमच्या बांधावरची घोरपड मात्र नंतर दिसली नाही. लहान होते, पण तेव्हा बोलायला हवं होतं.

अनिकेत: ताई, आता वाडीत सांगा. तेवढंही खूप आहे.

मेघना: अनिकेत, माझा दुसरा सवाना कुणीतरी टाकून दिलेला, रेस्क्यूमधून आणलाय. विकत पुन्हा घेणार नाही. सुधीरकाका, एकच विचारते. तुमचे ॲकी कधीच बाहेर जात नाहीत?

सुधीर: हिवाळा सोडला तर शनिवार-रविवार सकाळी अंगणात, जाळीच्या पिंजऱ्यात. तास-दोन तास.

मेघना: काका! ॲरिझोनाचं ऊन, मध्ये काच नाही. तेच तर यूव्हीबी!

सुधीर: ते मी हुंदडायला सोडतो, डी३साठी नाही. ठीक आहे, ऊन मिळतं, हे लिहायला हवं होतं. पुढच्या पिल्लांपैकी अर्धी ट्यूबखाली ठेवतो, अर्धी नाही, आणि अंगण दोघांनाही बंद. पण "लागतेच" हे मी अजून मानलेलं नाही.

मेघना: ज्यांना ट्यूब नाही त्यांचे जबडे दर महिन्याला तपासा. लक्षण तिथे दिसू शकतं, आणि मला ते फार उशिरा दिसलं.