कादंबरीवर ‘बेतलेला’ सिनेमा : हा बेत नेमका कुठला?

टिळकवाडीकर :
दिग्दर्शिका ग्रेटा गेर्विग ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या कादंबरीवर सिनेमा करतायत, हे कळल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. सी. एस. लुइसच्या नार्निया या अद्भुत जगाच्या सात पुस्तकांतलं हे माझं सगळ्यांत लाडकं. छापून आलं १९५५ला, सहावं म्हणून. पण गोष्टीच्या क्रमानं पहिलं. २००५, २००८ आणि २०१०ला मालिकेतल्या तीन पुस्तकांवर सिनेमे निघाले, हे मात्र राहूनच गेलं.
‘सिनेमा येऊलालाय’ इथवर बोलायला सोपं. लिहायला बसलं की अडतं. कुणी ‘कादंबरीवर आधारित’ लिहितो, कुणी ‘बेतलेला’, कुणी सरळ ‘रूपांतर’. तिन्ही एकच काय? आणि ‘बेतलेला’ वाचलं की मला जिवावर बेतणंच आठवतं.

शहापूरकर :
बेतणं हा शिंप्याचा शब्द. माप घेऊन झालं की कापड पाटावर पसरायचं, खडूनं आखायचं, पन्ह्यात बाह्या कुठं बसतात ते बघायचं आणि मगच कात्री लावायची. त्याला बेतणं म्हणतात. बेत म्हणजे योजना, तो हाच. जेवणाचा बेतही यातलाच. तेव्हा कादंबरी हे कापड आणि त्यातून कापून काढलेला सिनेमा हा सदरा. चिंध्या उरणारच, त्याला इलाज नाही.

खानापूरकर :
काका, मग ‘कादंबरीतून बेतलेला’ म्हणायला हवं होतं की. आपण ‘कादंबरीवर’ म्हणतो. सदरा अंगावर बेततात, कापडावर नाही. म्हणजे कादंबरी हे अंग. कापड दिग्दर्शकाचं, माप मात्र पुस्तकाचं. माझ्या मते सगळा फरक या ‘वर’मध्ये आहे. ‘आधारित’ म्हटलं की नुसता टेकू; गोष्ट कुठंही जाऊ दे, पाया तिकडचा एवढंच कबूल. ‘बेतलेला’ म्हटलं की सैल झालं, आखूड झालं असं म्हणायचा हक्क वाचकाला मिळतो.
जिवावर बेतणं हेही क्रियापद तेच, फक्त तिथं बेतणारा माणूस नसतो, प्रसंग असतो. आणि ‘बेताचा’ विसरू नका. परिस्थिती बेताची, उंची बेताची. कादंबरीवर बेतलेला सिनेमा बेताचा निघणं हे काही नवं नाही. २०१०चा तसाच होता. (हे माझं मत. भांडण नको.)

टिळकवाडीकर :
‘वर’चा मुद्दा पटला. माझी धाकधूक तीच आहे. उत्सुकता वगैरे ठीक, पण खरा शब्द धाकधूक. पुस्तकातलं दोन जगांच्या मधलं ते रान, जिथं काहीच घडत नाही, नुसती झाडं, डबकी आणि डोळ्यांवर येणारी झोप. जादूची पिवळी अंगठी रानात आणते, हिरवी बाहेर नेते. पडद्यावर काहीच न घडणं दाखवायचं धाडस कोण करणार? आणि चेटकीण अस्लान या सिंहावर लोखंडी दांडा फेकते, तो जमिनीत पडून त्याचा चक्क दिव्याचा खांब उगवतो. एवढं कातरलं तर मी तरी तो सदरा घालणार नाही.

निपाणीकर :
तुम्ही ‘बेतलेला’वर अडलात, मी ‘कादंबरी’वरच थांबलो. हिंदीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा; मराठीत आणि कन्नडमध्ये मात्र कादंबरीच. शब्द आला सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेवरून, आणि ती गोष्ट आहे अस्सल अद्भुत : पोपट कथा सांगतो, चंद्र राजपुत्र होऊन जन्म घेतो, माणसं मरून पुन्हा भेटतात. म्हणजे आपण प्रत्येक कादंबरीला, अगदी बँकेतल्या कारकुनावरच्यासुद्धा, एका अद्भुतकथेच्या नायिकेचं नाव देऊन बसलोय!
बाणाची गोष्टही स्वतःची नाही, तिचं मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत. बाणाच्या हातून ती अर्धी राहिली, मुलानं पुरी केली. पुढं सुमारे हजार वर्षांपूर्वी नागवर्मानं तीच कन्नडमध्ये आणली, ‘कर्नाटक कादंबरी’, गद्यपद्य मिसळून चंपूत. बेतलेलं म्हणा, आधारित म्हणा.
व्यवहाराचं सांगतो. ‘कादंबरी आधारित’ एवढं लिहिलं तर कन्नड शेजाऱ्यालाही कळतं, त्यांच्या सिनेमांत हेच शब्द येतात. ‘बेतलेला’ त्याला समजावून सांगावा लागतो.

शहापूरकर :
अंगाचा मुद्दा मान्य. पण रूपांतर राहिलं. आपल्या नाटकवाल्यांत रूपांतर म्हणजे नावगाव बदलणं. नाटककार देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा झुंझारराव केला, ते रूपांतर. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी १८८०ला शाकुंतल संगीतात आणलं, पण दुष्यंत दुष्यंतच राहिला. त्या हिशेबानं लुइसच्या गोष्टीतल्या डिगरी या पोराचा दिगंबर आणि लंडनचं बेळगाव केलं, तरच मी त्याला रूपांतर म्हणेन.

खानापूरकर :
दिगंबर चालेल. पण टांगेवाल्याच्या घोड्याचं नाव स्ट्रॉबेरी आहे, त्याचं काय करणार?

शहापूरकर :
करवंद. खानापूरचा घोडा दिसतोय म्हणतील.